चिकनच्या पाकिटावरची तारीख

लाडक्या ताईस, प्रभूमध्ये सलाम.

नाही गं, जेवतो मी वेळेवर. बिघडलंय ते कोल्ड स्टोरेजमधलं काम. चिकनच्या जुन्या पाकिटांवर आम्ही नव्या तारखेचे स्टिकर लावायचो. रविवारी मी चर्चमध्ये गिटार वाजवून उतरलो, तर एक आजी म्हणाल्या, "तू तिथे आहेस ना, म्हणून नातवाला तुमचंच चिकन देते." मला मान वर करवेना.

सोमवारी सुपरवायझरला सांगितलं, "स्टिकर मी नाही लावणार."

"बरं पाद्रीबुवा, मग फरशी धुवा!"

आता फरशी धुतोय. हातांना भेगा पडल्यात, आईला सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

पण स्टिकर आता दुसरा कोणीतरी लावतो, आणि आजी तेच चिकन घेतात. मी फक्त माझे हात काढून घेतले, याला पश्चात्ताप म्हणायचं का? आजींना खरं सांगितलं तर नोकरी जाणार. तूच बोल ताई, सांगू ना?

तुझा धाकटा