उतरवलेला गंधार

बाबा,

तुमचा ऑर्गन इगर्जीत गेला. एका वाक्यात सांगून टाकलं, कारण लांबण तुम्हाला खपत नसे. नाटकात नांदी रेंगाळली तरी तुमचे पाय भात्यावर चुळबुळायचे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे तुम्हालाच सांगायला हवं, दुसऱ्या कुणाला गंधाराची पडलेली नाही. गोवा मुक्तीनंतर मोडलेल्या एका नाटक मंडळीकडून तुम्ही तो उचलून पेडण्याला आणलात. आता देवळाच्या उत्सवातल्या नाटकांना भाड्याचा कीबोर्ड येतो. ऑर्गन ओसरीत कापडाखाली पडून होता, उंदरांनी भाता कुरतडला, आणि मी दर दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल वाहून मोकळी होत असे. मी शिकवायचे त्या शाळेतले संगीताचे मास्तर रविवारच्या प्रार्थनेला इगर्जीत वाजवतात. त्यांनी एकदा कापड उचललं आणि त्याच्यापुढे बसलेच. भात्याला नवं कातडंही त्यांनीच लावलं. देऊन टाक, असं मला कुणी म्हणालं नाही. मीच म्हणाले, न्या.

नेल्यावर काही दिवसांनी ते पडलेल्या चेहऱ्याने परत आले. "बाय, हातूंतलो एक सूर कोणें तरी घांसून सकयल देंवयला. मोडूंक ना, घांसला." खाली उतरवलेला तो सूर म्हणजे गंधार, बाबा. इगर्जीत चार आवाज एकत्र गातात, तेव्हा तो बोचतो. "हांव तो वयर काडूं? तुमी ना म्हणल्यार हात लावचो ना." तो पुन्हा वर चढवायची परवानगी मागत होते.

मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. खिडकीपाशी उजेडाला तुम्ही बसलाय, मांडीवर पंचा, पंच्यावर ऑर्गनमधली पितळेची पट्टी, हातात बारीक कानस. आई आदोळीवर नारळ खवते आहे. मी पाटावर, परकराला हात पुसत. तुम्ही म्हणता, "सा धर. आता गंधार लाव." मी लावते. तुम्ही पट्टी बुडाशी घासता, बाहेर जाऊन बसवून पाहता, परत येता. "परत गा." मी वैतागून ताणून गाते, तसे तुम्ही खेकसता, "गळो आवळू नको गो! पेटीचा आयकान गावचा नाय, पेटी तुजा आयकतली." आई हसते, "चेडवाक जेवूक तरी दी." कारखान्यातून आलेला गंधार तुम्हाला चढा वाटे. तुम्हाला माणसाच्या गळ्यातला हवा होता, आणि हाताशी गळा होता तो माझा. पुढे कितीतरी गवई त्यावर गाऊन गेले, तुमची तारीफ करून गेले, आणि दर वेळी तुम्ही माझ्याकडे बघून नुसती मान हलवायचात. त्याहून मोठं मला कुणी काही दिलं नाही.

मास्तर ओसरीत उभे होते. तेवढा एक राहू दे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण बोचणारा ऑर्गन ते किती दिवस वाजवणार? पुन्हा तेच कापड, तेच उंदीर. मी म्हटलं, घासा. सूर चढवायला पट्टी टोकाशी घासतात म्हणे. म्हणजे बुडाशी तुमची कानस फिरली होती ती जागा तशीच आहे.

इगर्जीच्या फेस्ताला, सणाला, त्यांनी बोलावलं. मी मागच्या बाकावर बसले. मोप्याच्या नव्या विमानतळाचं विमान डोक्यावरून गेलं, तरी ऑर्गन त्याखालून ऐकू येतच राहिला. सुरेख वाजतो हो, बाबा. देवळात कधी वाजला नव्हता इतका भरून. मला रडू आलं, आनंदानेच आलं. गाण्याचे शब्द येत नव्हते, म्हणून मी नुसती गुणगुणत होते. शेजारच्या बाईने वळून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझा गंधार खालीच लागतोय.

चढवून पाहिला. चढत नाही. खरं तर गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. हळू आवाजात तसंच गात राहिले.