घासलेली चौदा नाणी भंगारात न विकता मुलांना परत देण्याबाबत

दि. ६ ऑगस्ट २००७

प्रति,
मा. अवसायक,
मुद्रापारख नाणे प्रमाणन संस्था (अवसायनात), पुणे

विषय : तोंडवली येथील मुलांची चौदा नाणी ‘इतर तांबे’ म्हणून लिलावात न काढता परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २३ जुलै २००७ चे पत्र.

महोदय,

आपले पत्र गुरुवारी मिळाले. रागाच्या भरात उत्तर लिहू नये, असे मी मुलांना शिकवीत आलो आहे. म्हणून चार दिवस थांबलो. राग गेला, किळस राहिली. ती या अर्जात कोठे दिसल्यास क्षमा असावी.

१. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. दर रविवारी माझ्या पडवीत गावातली मुले जमतात आणि आम्ही नाण्यांवरून इतिहास वाचतो. नाणी मुलांनीच घरून आणलेली. कुणाची देव्हाऱ्यातली शिवराई, तर रिया हिच्या वडिलांना, बाबली यांना, रापणीच्या जाळ्यात मिळालेले पोर्तुगीज नाणे. कागदाखाली नाणे ठेवून वर शिसपेन्सिल फिरवायची आणि उमटलेला ठसा वहीत डकवून खाली नाव घालायचे, असा आमचा अभ्यास.

२. जानेवारी २००६ मध्ये मालवणच्या एका प्रदर्शनात आपल्या संस्थेचे प्रतिनिधी भेटले. तज्ज्ञांनी श्रेणी देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद केल्याशिवाय नाण्याला जगात कोणी विचारीत नाही, असे ते म्हणाले. मी मान डोलावली. घरात पिढ्यानपिढ्या हाताळलेली वस्तू खरी आहे की नाही, हे परक्याला विचारायला निघालो, हा दोष माझा. घरोघरी जाऊन नाणी मीच मागून आणली.

३. दुसरा दोषही लपवीत नाही. नाणी पाठवण्याच्या आदल्या दिवशी जान्हवी या मुलीच्या आजी आनंदीबाई यांनी ती सर्व सोलां, म्हणजे आमसुले, आणि राख लावून लख्ख घासली. आमच्याकडे देवाची तांब्याची वस्तू घरातून बाहेर काढायची तर अशी घासूनच काढतात. “मास्तरानू, देवाची वस्तू परक्याच्या दारात काळी कशी धाडूची?” असे त्या म्हणाल्या. मी त्यांचे कौतुक केले. जुने नाणे घासले की पारख्यांच्या लेखी त्याची किंमत जाते, हे मला संस्थेच्या पत्रावरून कळले. चौदाही नाण्यांना एकच शेरा होता : ‘घासलेले. श्रेणी देता येत नाही.’ नाणी लवकरच परत पाठवू, असेही त्यात होते. त्यानंतर संस्था बुडाली.

४. आता आपण कळवता की श्रेणी मिळालेली नाणी डबीवरील क्रमांकावरून ज्याची त्याला परत जातील. परंतु आमच्या नाण्यांना श्रेणी नाही, म्हणून डबी नाही, म्हणून क्रमांक नाही, म्हणून मालक नाही. यादीत ती ‘इतर तांबे, अंदाजे १५० ग्रॅम’ अशी आहेत आणि पंखे व कपाटांबरोबर विकली जाणार आहेत. यावर आपल्या कार्यालयाने दूरध्वनीवर उपाय सुचवला, की नाण्यांना आधी श्रेणी मिळवावी. ती कोणाकडून मिळवावी, असे मी विचारले. संस्थेकडून, असे उत्तर आले. संस्था बंद आहे, असे मी म्हणालो. त्याची आम्हाला कल्पना आहे, असे आपले कर्मचारी म्हणाले.

५. मी पुरावा म्हणून मुलांच्या वह्यांतील ठसे पाठवले होते. ‘चित्रे पुरावा नव्हेत’ असा शिक्का त्यांवर मारून ते परत आले. शिक्का नेमका जान्हवीच्या नावावर बसला आहे. शिवाय आपण खरेदीची पावती मागितली आहे. देव्हाऱ्यातली शिवराई आनंदीबाईंना सासूकडून आलेली, म्हणून ते मी त्यांना सांगितले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो : “पावती व्हयी तर माझ्या सासयेक बोलवा म्हणा. ती इली तर माका पण तिका चार सवाल इचारूचे आसत.” सासूबाई वारल्याला एकतीस वर्षे झाली.

६. महोदय, तांब्याचे काय मोल येईल ते येवो. गेल्या रविवारी नऊ वर्षांच्या स्वरूपने सर्वांदेखत विचारले, “गुरुजी, तुमी आमची नाणी इकलास काय?” मी नाही म्हणालो. पण त्याच्या वडिलांनी गावात ऐकलेले आणि मी सांगितलेले यांत त्याला निवड करायची होती. या रविवारी तो आला नाही. आणखी तिघे आले नाहीत. चाळीस वर्षे शिकवले. खोटे बोलणारा मास्तर म्हणून एकाही मुलाने माझ्याकडे पाहिले नव्हते.

७. तरी विनंती की, लिलावापूर्वी एक दिवस द्यावा. मी आनंदीबाईंना घेऊन पुण्यास येतो. आपल्याकडे असेल नसेल ते सारे सुटे तांबे एका ताटात ओतावे आणि त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी. बावन्न वर्षे त्यांनी आपली शिवराई दर सणाला अंगठ्याने घासली आहे. ती त्यांनी काढून दाखवली तर उरलेली तेरा माझ्या शब्दावर द्यावीत. हात चुकला तर सर्व विकावीत. मी गावात येऊन माझ्या तोंडाने तसे सांगेन.

८. गणेश चतुर्थी १५ सप्टेंबरला आहे. शिवराई त्याआधी देव्हाऱ्यात हवी, म्हणून दिवस लवकर कळवावा. बाई बहात्तर वर्षांच्या असून घाट कधी चढलेल्या नाहीत. त्यांना बसायला खुर्ची द्यावी. ताटाशेजारी पाण्याचा तांब्याही ठेवावा. देवाच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी त्या हात धुतात. आपल्या कर्मचाऱ्यांनीही धुवावेत, ही विनंती.

रोज टपालाच्या वेळी पडवीत बसणारा, आपला,

(सही)
गुरुदास भिकाजी कुबल
मु. पो. तोंडवली, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

सोबत : १) संस्थेच्या शेऱ्याच्या पत्राची प्रत. २) चौदा ठसे, आपल्या शिक्क्यासह.