धर्मबापाची सही

गिगांतेस बेट
३ मार्च

चि. प्रिमोला मोठ्या बहिणीचे अ. आ., आणि पाठीत एक धपाटा, तो भेटल्यावर.

आंबे का परत पाठवले असं कुणी विचारायच्या आधीच सांगते. मला आंबे आवडतात. पण ज्या माणसानं माझ्या भावाला सायकलसकट गटारात उडवलं, त्याच्या घरचे आंबे माझ्या घशाखाली उतरत नाहीत. तू खाल्लेस ते खाल्लेस. माझा वाटा कशाला पाठवलास?

आधी कोंबडीचा रस्सा, मग तांदळाची पिशवी, मग आंबे. एवढी माया आपल्या सख्ख्या मावशीनं केली नाही. हा वेंडेल बर्फाच्या गाडीवरचा ड्रायव्हर. त्याला टोपलीभर आंबे कुठून परवडतात? कुणीतरी मागून पुरवतंय, आणि पुरवणारा काहीतरी मागणार. तू लिहितोस तो गरीब आहे, येतो आणि रडतो. रडू दे, रडण्याला भाडं लागत नाही. गाडी चालवताना फोनमध्ये डोकं घातलं होतं ना त्यानं? तेव्हा नव्हतं रडायला आलं.

हाताचं खरं लिही. तुझं डाव्या हाताचं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेलेली, पण त्यातूनही मला कळतं तू काय लपवतोस ते. उजवा हात खांद्याच्या वर जातो का? लाकूड तासायचा वाकस धरवतो का? होडी बांधणाऱ्याच्या हातात वाकस राहिला नाही तर त्यानं काय करायचं, धक्क्यावर बसून माश्या मारायच्या? हाड चोळणाऱ्याकडे जा असं मीच सांगितलं होतं, आहे लक्षात. चुकलं माझं. चुकलं तर चुकलं. आता सरकारी दवाखान्यात जा, हाडाचा फोटो काढ आणि डॉक्टरकडून तारीख घातलेला कागद घे.

आणि कशावरही सही करायची नाही. कुणी नुसती पावती म्हटलं तरी नाही.

लोभ आहेच. वाढवायचा असेल तर आधी अक्कल वाढव.

तुझी,
मनांग लुमिंग


इस्तान्सिया
९ मार्च

ती. मनांगला डाव्या हाताचा सा. न., उजवा अजून कपाळापर्यंत येत नाही.

फोटो काढला. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, आणि चोळून चोळून जागचं हललंय. शहरात नेऊन ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. त्यानंतर वाकस धरता येईल का, असं मी तीनदा विचारलं. डॉक्टर तीनदा म्हणाले, बघू.

आता एक सांगतो, रागावू नकोस. गेल्या रविवारी वेंडेलच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला आणि मी तिचा धर्मबाप झालो. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, जोरेलिननं, घरी येऊन विचारलं. लेकराला धर्मबाप व्हायला कुणी बोलावलं तर आपल्यात नाही म्हणतात का? अपशकुन होतो, हे तूच मला शिकवलंस. पोरगी गोड आहे. पाद्री प्रार्थना म्हणत होते आणि ती माझी मिशी ओढत होती. आता वेंडेल माझा कुमपारे, मी त्याचा. भावासारखंच झालं. भावावर कुणी दावा लावतं का?

वीस तारखेला आपल्या बरांगायच्या, म्हणजे गावच्याच, कॅप्टनसमोर पंचायतीला बसून मिटवायचं ठरलंय. बर्फाच्या कारखान्याच्या मालकीणबाई, मिसेस बालगोस, आजवरचा दवाखान्याचा खर्च देणार आहेत. ऑपरेशनचं नंतर बघू म्हणाल्या. कागद त्यांनीच लिहून आणलाय. कुणाविरुद्धही माझी तक्रार नाही आणि पुढेही नसेल, एवढंच आहे त्यात. कॅप्टन म्हणाले, प्रिमो, शेजारधर्म पाळ, वाढवू नकोस. मलाही वाटतं एकदाचं संपावं.

तुझी माया अशीच राहू दे, ओरडलीस तरी चालेल.

तुझा,
प्रिमो


गिगांतेस बेट
१५ मार्च

चि. प्रिमो, या खेपेला आशीर्वाद निम्मेच.

मिशी ओढते म्हणे. बाप्तिस्म्याचं पाणी पडलं पोरीच्या डोक्यावर आणि बेडी पडली तुझ्या हातात, ती तेवढी दिसली नाही तुला. ही युक्ती ड्रायव्हरच्या डोक्यातली नाही. त्याचं डोकं फोनमध्ये असतं.

परवा मी स्वतः होडीनं आणि मग बसनं सरकारी वकिलाच्या कचेरीत गेले. गरिबांना फुकट वकील मिळतो म्हणतात. फुकट म्हटल्यावर मला आधी संशयच आला, फुकट कुणी मीठसुद्धा देत नाही. वकीलबाई तिशीची पोरगी. तुला यात काय मिळतं असं मी तिला विचारलं. सरकारचा पगार मिळतो म्हणाली. दुसऱ्यांदा विचारलं. तेच म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर हसली आणि मला खुर्ची दिली. मग म्हटलं, बोल.

तिनं सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. रस्ते दोन. एक, ड्रायव्हरवर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला, त्यात तो तुरुंगात जाऊ शकतो. दुसरा, नुकसानभरपाईचा दावा, आणि तो थेट मालकिणीवर लावता येतो. कामावरच्या माणसानं कामात असताना कुणाला मोडलं तर कामावर ठेवणाऱ्यानं भरून द्यायचं, असा कायदा आहे. त्यासाठी ड्रायव्हरला तुरुंगात घालावंच लागतं असं नाही. दाव्याला चार वर्षं मुदत आहे. मग तुला वीस तारखेची घाई कुणी लावली? तो कागद मी तोंडी सांगितला तर वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. कुणाविरुद्धही म्हणजे मालकीण आलीच त्यात. तुझं ऑपरेशन नंतर बघू, आणि तिची सुटका मात्र आत्ता.

एकच अडचण आहे. मालकीण कोर्टात म्हणेल, मी माणूस पारखून ठेवला होता, त्याच्यावर नीट लक्ष ठेवत होते, गाडी चालवताना फोनला हात लावू नको असं बजावलं होतं. हे तिनं पटवलं तर ती सुटली.

आता नीट वाच. भावावर दावा लावत नाहीत ना? नको लावूस. पण कुमपारेशी खोटंही बोलत नाहीत. त्याला घरी बोलाव, भात वाढ, आणि विचार की त्या वेळी फोनवर होतं कोण.

कॅप्टनला सांग, बहिणीनं बसायला मनाई केली आहे. माझ्यावर ढकल. मला सवय आहे.

राहिलेले आशीर्वाद उत्तर आल्यावर.

मनांग लुमिंग


इस्तान्सिया
२७ मार्च

ती. मनांगला सा. न. वि. वि.

सही केली नाही. कॅप्टन रागावले. मी तुझं नाव सांगितलं, तर आणखीच रागावले.

वेंडेलला जेवायला बोलावलं. विचारल्यावर त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, “मालकीणबाईंचाच मेसेज होता, कुमपारे. लगेच उत्तर दिलं नाही की दिवसाची मजुरी जाते.” आणि फोन माझ्यापुढे ठेवला. त्या सकाळी दहा मिनिटांत सात मेसेज होते. कुठे आहेस, बर्फाचा फोटो पाठव, गाडी थांबवायची नाही, उत्तर का देत नाहीस. सातवा आला आणि त्याच्या गाडीनं मला उडवलं. हे सगळं पुसून टाक असं त्याला सांगितलं होतं. त्यानं पुसलं नाही. धर्मबाप होण्याची कल्पनाही बाईंचीच, मनांग. आंब्यांचे पैसेही त्यांचे. तुझं खरं निघालं. पण तो रडत होता ते खरंच रडणं होतं. आता हे माझं खरं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर वकीलबाईंकडे आला, सगळं लिहून दिलं, फोनही दाखवला. संध्याकाळपर्यंत त्याला कामावरून काढलं. कारखान्याच्या मागची खोलीही रिकामी करायला लावली. आता बाईंची माणसं त्याला शोधत फिरतायत, जबाब बदल म्हणून. तो धक्क्यावर माझ्या भावकीतल्यांकडे झोपतो. जोरेलिनला आणि पोरीला कुठे पाठवलंय ते मलाही सांगत नाही.

दावा लागला. वकीलबाईंनी हाडाचे फोटो आणि मेसेज सगळं जोडलंय. ऑपरेशनचा खर्चही त्यात मागितलाय. निकाल कधी ते कुणी सांगत नाही, पण निदान मागितलं तरी.

एक विचारू? रुफिनो म्हणतो, त्याच्या होडीतून तुझ्याकडे बाळाच्या दुधाचे डबे जातात. खरं का?

माया कमी करू नकोस.

प्रिमो


गिगांतेस बेट
४ एप्रिल

चि. प्रिमोला पूर्ण आशीर्वाद, मागचे निम्मे धरून.

ऑपरेशनला मी येणार. घोंगडी आणते, शहरातल्या दवाखान्यात गारठवून मारतात.

वकीलबाईचं पत्र मलाही आलं. समोरची बाजू म्हणेल की साक्षीदाराच्या घरच्यांना जेवू घालून, छप्पर देऊन आम्ही त्याची साक्ष विकत घेतली, असं तिनं लिहिलंय. तेव्हा रुफिनोला सांग, तोंड बंद ठेव, होडी चालव. आणि तूही पत्रात काय वाट्टेल ते लिहू नकोस. पत्रं फोडतात लोक.

काल मालकिणीचा माणूस इथवर आला होता, बुटात वाळू घेऊन. केक आणला होता. जोरेलिन नावाची बाई बेटावर आली आहे का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, बेटावर बायका पुष्कळ, कुठली हवी? अंगणातल्या दोरीवर काय वाळतंय ते बघत उभा राहिला. म्हटलं, म्हातारपणी रुमाल बरेच लागतात. आत कोण रडतंय म्हणाला. मांजर, म्हटलं. केक त्याच्याच हातात देऊन होडीपर्यंत सोडून आले.

दूध माझ्या हाडांसाठी आहे. डॉक्टरनं सांगितलंय. कुठल्या डॉक्टरनं ते विचारू नकोस.

कुणाचं बाळ, कुणाची बायको, मला काहीही ठाऊक नाही. तू विचारलंस, मी वाचलं, संपलं. यावर आणखी एक अक्षर लिहिणार नाही.

मनांग लुमिंग