अमडापूर स्टँडवरचे जावईबापू

शुक्रवार, १ मे
पंचायत समितीत झेंडावंदन. सगळ्यांनी विचारलं, वहिनी कुठं? सांगितलं, अमडापूरला माहेरी, सुटी लागली ना. यात खोटं काही नाही. सारिका संक्रांतीपासून माहेरी आहे आणि सुटीही लागली आहे.

आमची समीक्षा, वय नऊ, तिच्यासोबत. वेगळं राहायचं ठरलं तेव्हा माझे शेषरावमामा मध्ये बसले होते. चहा संपायच्या आत सगळं मिटलं. शाळा आहे तोवर समी आईकडं, शनिवार-रविवार माझ्याकडं, उन्हाळ्याची सुटी अर्धी-अर्धी. मामा म्हणे, वकिलापासून लिहून घे बे. मी साफ नकार दिला. ऑफिसात लोकांना दिवसभर कागद आणा म्हणून परत पाठवणारा माणूस मी. कागद परक्यांत करतात. समजदार माणसांत शब्द पुरतो.

जानेवारीचे शनिवार थंडीत गेले, फेब्रुवारीत माझी पाठ धरली, मार्चमध्ये मार्च एंडिंग. एप्रिलमध्ये चिखलीला एका लग्नात समी भेटली. उंच झालीय.

संकल्प: आता समीला पंधरा-वीस दिवस मेहकरला आणायचंच. कूलरला नवं गवत बसवलं.

शनिवार, २ मे, सकाळी
निघालो. आधी चिखली, तिथून अमडापूरची गाडी. संध्याकाळी समी इथं, या खाटेवर.

शनिवार, २ मे, संध्याकाळी
समी आली नाही. स्टँडवर उतरून मेसेज टाकला, 'आलोय.' सारिकाचा रिप्लाय, 'घरी या. बॅग भरून ठेवली आहे.' घर स्टँडवरून दिसतं. पण जावई माणूस बोलावल्याशिवाय सासरवाडीची पायरी चढत नाही. 'घरी या' हे काही बोलावणं नव्हे, मेसेज आहे, आणि तोही बायकोचा. माझे सासरे मोतीरामराव यांनी स्वतः स्टँडवर येऊन 'चला जावईबापू' म्हणायला हवं. ते टमाट्याच्या वावरात असतील. त्यांना कोणी सांगितलं नसेल.

समोरच्या हॉटेलात भजी खाल्ली, आणखी एक प्लेट सांगितली आणि परतीची गाडी धरली. आपला मुद्दा त्यांच्यापर्यंत नक्की पोचला असणार.

सोमवार, ४ मे
मामांना सगळं सांगितलं. म्हणे, तू लेकराले आणाले गेलता का मान घ्याले गेलता? मामांचं शिक्षण जुन्या सातवीपर्यंत. मी वाद घातला नाही.

शनिवार, ९ मे
पुन्हा स्टँड. मेव्हणा कुलदीप मोटरसायकलवर आला. उठून शर्ट नीट केला. तो डिझेल न्यायला आला होता. म्हणे, काय भाऊजी, घरी नाई येत का? मी म्हटलं, बघतो. हा प्रश्न होता, आमंत्रण नव्हे. तो कॅन भरून निघून गेला.

भजीवाला आता मिरच्या न मागता देतो. गावात आपल्याला मान आहे, घरातच नाही.

परत आल्यावर समीची खाट हॉलमधून आतल्या खोलीत नेली. तिथं गरम होतं. कूलरसमोर आणली. थेट वारा बाधेल. खिडकीशी लावली. मग परत हॉलमध्ये.

मंगळवार, १२ मे
समीचा फोन. पप्पा, तुमी स्टँडावर काऊन बसता? मी गच्चीवरून पाह्यलं तुमाले, हात बी हालवला. मी तेव्हा मोबाईलमध्ये पाहत होतो. म्हटलं, बेटा, या मोठ्या माणसांच्या गोष्टी असतात. ती गप्प झाली, म्हणजे तिला पटलं.

गुरुवार, १४ मे
सारिकाचा मेसेज: सुटीचा पहिला अर्धा भाग तुमचा ठरला होता, तुम्ही नेलं नाही, तो असाच चालला आहे. हे नवीनच! माझा अर्धा भाग समी इथं पोचल्यावर सुरू होतो, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मामांना साक्षीला धरलं. मामा म्हणे, मले तं वाटलं अर्धी-अर्धी हे दिवाळीच्या सुटीचं ठरलं होतं. एकाच चहावर तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या. चहा सारिकानं केला होता. तो करताना ती निम्मा वेळ आत होती, म्हणून तिचं धरायचं नाही.

रविवार, १७ मे
अधिक महिना लागला! धोंड्याचा महिना! तीन वर्षांनी येतो आणि बरोबर यंदा आला. देव माझ्या बाजूनं आहे. आता जावयाला बोलवावंच लागतं. पाटावर बसवून ओवाळावं लागतं, अनारसे द्यावे लागतात. मोतीरामराव जातात कुठं?

प्लॅन: बोलावणं येईल. मानानं जाईन. पोटभर जेवीन. येताना एका हातात धोंड्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात समी. पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला. मामांनाही सांगितलं. ते हसले, का ते कळलं नाही.

गुरुवार, २१ मे
यूट्यूबवर पाहून वेण्या घालायला शिकलो. पडद्याच्या दोरीवर सराव केला. सारिका उगाच म्हणायची, तुम्हाला लेकराचं काही म्हणजे काही येत नाही. पहिलीच वेणी झकास जमली. दोरी सुटत नाहीये. पडदा आता अर्ध्यावरच राहणार.

समीसाठी सँडल आणल्या. माप अंदाजानं. लग्नात पाय नीट पाहिले नव्हते.

मंगळवार, २६ मे, दुपारी
आलं! सासूबाईंचा, रुखमाबाईंचा स्वतःचा फोन! जवाईबापू, रविवारी धोंड्याचं जेवण हाये, या बरं. समीबद्दल बी थोडं बोलाचं हाये. आवाज एकदम नरम. म्हणजे शरण आले.

मी रीतीप्रमाणं म्हटलं, बघतो, ऑफिसात ऑडिट आहे. पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा जावई हलका पडतो. दुसऱ्यांदा आग्रह होतो. तिसऱ्यांदा कोणीतरी न्यायला येतं. आमचे वडील असेच जायचे, त्यांच्यासाठी मेव्हणे दारात बसून राहायचे. रुखमाबाई म्हणाल्या, बरं. त्या 'बरं'मध्येच पुढचा फोन ऐकू आला.

शुक्रवार, २९ मे
दुसरा फोन नाही. रेंजचा प्रॉब्लेम असणार. गच्चीवर जाऊन उभा राहिलो. मोबाईल बंद करून चालू केला. मामांना मिस्ड कॉल द्यायला लावला, तो लगेच आला. म्हणजे प्रॉब्लेम अमडापूरच्या टॉवरला आहे.

रविवार, ३१ मे, सकाळी
पांढरा शर्ट घालून बसलोय. सँडल पिशवीत टाकल्या. आता फोन आला तरी पंगतीला पोचतो.

दुपारी
आता आला तर मागच्या पंगतीला. घरच्या लोकांची पंगत मागेच असते, तीच बरी.

संध्याकाळी
शर्ट चुरगळला. डब्यात गवारीची भाजी आली होती. तशीच ठेवली.

सोमवार, १ जून
मामांनाही अमडापूरहून बोलावणं होतं. ते जेवायला गेले होते, त्यांनी सांगितलं. संग्रामपूरचे साडभाऊ आल्हादराव, सारिकाच्या बहिणीचे मिस्टर, जोडीनं आले होते. पहिल्या फोनला हो म्हणून! माझंही ताट मांडलं होतं. समी त्या ताटाशेजारी बसून राहिली, कोणालाच उचलू देईना. वाढलेले धोंडे निवून गेले तरी उठेना.

मी म्हटलं, मग आणखी एक फोन करायला काय झालं होतं? मामा म्हणे, त्याहीले वाटलं तुले खरंच ऑडिट हाये. असं कसं वाटेल? मी ऑफिसातला माणूस, ऑडिट असेल तर मी ऑडिट आहे म्हणून सांगेन का!

समीला फोन करावा असं फार वाटलं. नंबर काढला. पण मग माघार मी घेतल्यासारखं झालं असतं. फोन खिशात ठेवला, काढला, ठेवला.

सोमवार, १५ जून
अधिक महिना संपला. कोणी आलं नाही. ठीक आहे. आता मी माझ्या पद्धतीनं करणार. आपल्याकडं विदर्भात शाळा उशिरा उघडतात, अजून वेळ आहे. इथल्या शाळेत हेडमास्तरांना सांगून आलो, चौथीत एक जागा राखून ठेवा. ते म्हणाले, मुलीला घेऊन या. म्हटलं, येतेच आहे.

शनिवार, २० जून
गेलो. थेट घरी गेलो. बोलावलं नसताना. स्टँडवर न थांबता चालत गेलो, भजीवाल्यानं हाक मारली तरी. पायरी चढलो. दार उघडंच होतं.

रुखमाबाईंनी पाणी दिलं. मोतीरामराव कॅरेटमध्ये टमाटे भरत होते. समी नव्हती. सारिकाही नव्हती. तिला संग्रामपूरला एका खासगी शाळेत नोकरी लागली, साडभाऊंच्या ओळखीनं. समीचं नावही तिथंच घातलं. जून लागल्यावर दोघी गेल्या.

मी ओरडलो, मला न विचारता? मोतीरामराव म्हणे, तुमाले इचारूनच ठरवाचं म्हणून तं त्या रविवारी बोलावलं होतं, बापू. सारिका म्हनत होती, ते नाई म्हनले तं मी नाई जात. तुमी आलेच नाई. मंग आमी कोनाले इचाराव?

म्हटलं, कोर्टात जाईन. ते म्हणे, जा, पण पयले जेवून घ्या. जेवलो नाही. सँडल रुखमाबाईंना दिल्या. त्यांनी एक उलटी करून तळ पाहिला आणि हळूच म्हणाल्या, लहान होतीन.

मंगळवार, २३ जून
वकिलाकडं गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, लेखी काय आहे? मी म्हटलं, शब्द आहे. ते म्हणाले, कोणाचा? मामांचं नाव सांगितलं. पण मामांना दिवाळीची सुटी आठवते.

मग म्हणाले, अर्ज करता येईल, पण एवढ्या महिन्यांत मुलीला भेटायला गेल्याचा साक्षीदार कोण? आठवून आठवून सांगितलं, अमडापूर स्टँडवरचा भजीवाला. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, आधी मुलीला भेटून या, मग बसू.

बाहेर आलो. कोणत्याच गाडीत चढावंसं वाटेना, तरी स्टँडवर पुष्कळ वेळ फिरत राहिलो.

रविवार, २८ जून
समीचा फोन. संग्रामपूरहून. उद्यापासून शाळा. पप्पा, नव्या शाळेत पयल्या दिवशी सगळ्यायचे मम्मी-पप्पा येतात, तुमी येता का?

मी म्हटलं, तसं पाहिलं तर गाड्या बदलाव्या लागतात. शिवाय ते साडभाऊंचं घर. तिथं असं अचानक जाणं बरं दिसत नाही. उद्या सोमवार, ऑफिसही आहे. मी बोलतच राहिलो. ती ऐकत होती.

मग म्हणाली, राहू द्या पप्पा. तुमाले दुसऱ्यायच्या घरी जमत नाई. मी मोठी झाली का मीच येईन मेहकरले. तवर नका येऊ.

मी लगेच हो म्हणालो. हायसंच वाटलं. केवढी समजदार पोरगी, माझ्यावर गेली आहे, असंही मनात आलं.

तिनं फोन ठेवला नाही. पलीकडं श्वास ऐकू येत होता. मीही फोन कानाला धरून राहिलो. खूप वेळानं तिनं ठेवला. आणि मग मला कळलं की ती माझ्या आग्रहाची वाट पाहत होती.