चारच्या बटणावरचा रुपया

२२ नोव्हें., शनि.
कालपासून मार्गशीर्ष लागला. पहिला गुरुवार २७ ला. कलशाचा तांब्या चिंचेनं घासून ठेवला.

संध्याकाळी हे भातगिरणीतून आले. भात परत घेतला नाही, तेव्हाच ओळखलं. हात धुताना सांगितलं. माथेरानच्या एका हॉटेलला तांदळाचं बिल गेलं, त्यावर रुपयाच्या चिन्हाऐवजी डॉलर छापून गेला. तिथल्या मॅनेजरनं फोन करून धाकट्या शेठना विचारलं, तांदूळ कर्जतचाच आहे ना, की अमेरिकेतून मागवता. शेठ सगळ्यांसमोर हसले. नंतर यांना आत बोलावलं, तेव्हा हसले नाहीत. म्हणाले, "दिवाणजी, डिसेंबर अखेरपर्यंत बघतो. नवीन वर्षापासून बिलं, हिशोब, सगळं कॉम्प्युटरवर. जमलं तर ठीक."

नाही जमलं तर काय, ते शेठ बोलले नाहीत. यांनीही विचारलं नाही.

२३ नोव्हें., रवि.
यांनी कागदावर बटण काढून दाखवलं. एकाच बटणावर तीन गोष्टी. खाली चार, वर डॉलर, कोपऱ्यात बारीक रुपयाचं चिन्ह. चार येतो, डॉलर येतो, रुपया काही येत नाही. "छापलाय ना बटणावर, मग उमटत का नाय?" मला काय ठाऊक. मी दहावी, आणि कॉम्प्युटर बघितला तो बँकेच्या काचेपलीकडून.

थोरले शेठ गादीवर होते तोवर बरं होतं. यांचं अक्षर बघून म्हणायचे, दिवाणजींची वही देवासमोर ठेवावी. आता ते घरी असतात, ऐकू येत नाही.

मुलीला कळवायचं नाही असं यांचं म्हणणं. सासरी गेलेल्या पोरीला कशाला घोर. बरं.

२५ नोव्हें., मंगळ.
दुपारी मागच्या घरातल्या प्रणालीकडे गेले. दोन वर्षं झाली ती लग्न होऊन लोधिवलीत आली त्याला. बी.कॉम. आहे. नवऱ्याचं खालापूरच्या कंपनीतलं कंत्राट गणपतीतच संपलं, तेव्हापासून तो मिळेल त्या गाडीवर बदली ड्रायव्हर. पोर घरीच असते. तिच्याकडे कॉलेजातला लॅपटॉप आहे. बिजागरी मोडलीय म्हणून भिंतीला टेकवून ठेवते.

रिकाम्या हातानं कशी जाणार. मेतकूट नेलं वाटीभर.

तिनं दाखवलं. उजव्या हाताकडचं ऑल्ट नावाचं बटण दाबून धरायचं, सोडायचं नाही, आणि मग चार. उमटलं. माझे हात आपोआप जोडले गेले. प्रणाली हसायला लागली, "काकू, देव नाय तो." लक्ष्मीच ना शेवटी, म्हटलं.

पाच-सहा वेळा केलं. दर वेळी आलं.

२७ नोव्हें., गुरु.
पहिला गुरुवार. पूजा झाली, पोथी वाचली. फळं पाचच्या जागी तीन मांडली, देवी समजून घेईल.

यांना म्हटलं, प्रणालीकडे चला, दहा मिनिटांचं काम. "पोरीच्या वयाच्या सुनेसमोर शिकायला बसू?" उठलेच नाहीत. मग ऑक्टोबरचं कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर सगळी बटणं काढली. पाटावर ठेवलं. अंगठा इथं, बोट इथं. हे बसले खरे. पण चारवर बोट जाईपर्यंत अंगठा सुटतो. पुन्हा, म्हटलं. पुन्हा सुटला. कागदावर काही उमटत नाही, त्यामुळे बरोबर झालं तरी यांना पटत नाही. शेवटी घडी घालून खिशात ठेवलं. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत करून बघतो म्हणाले.

२९ नोव्हें., शनि.
गिरणीत होत नाही. अंगठा नीट धरला होता, दोन हात लावून केलं, तरी नाही.

प्रणालीला विचारलं. ती म्हणाली, तिथल्या कॉम्प्युटरला कीबोर्ड दुसऱ्या देशाचा लावून ठेवला असेल, सेटिंग बदलायला लागेल, शेठना सांगा. यांना सांगितलं तर हे माझ्यावरच डाफरले. "मालकाला सांगू तुमचं मशीन चुकीचं हाय? आधीच काय कमी शोभा झालीय?"

मग मीच म्हटलं, नोव्हेंबरची बिलं घरी आणा. मी प्रणालीच्या लॅपटॉपवर टाकते. यांनी मोठी पिशवी शोधून खुंटीला अडकवली. म्हणजे हो.

१ डिसें., सोम.
एकादशी. उपास. यांनी काल गिरणीत जाऊन बिलं आणून दिली. दुपारभर टायपिंग. एका बोटानं.

शीटच्या पहिल्या चौकोनात श्री लिहिलं. प्रणाली म्हणाली, तिथं नाव लिहायचं असतं. मग म्हणाली, राहू दे.

एकदा उमटवलेलं चिन्ह उचलून प्रत्येक आकड्याच्या आधी चिकटवते. आणि आकड्याच्या शेवटी दांडी आणि आडवी रेघ, /- अशी. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी मला घरखर्च लिहायला शिकवला, तेव्हापासूनची सवय. पुढून चिन्ह, मागून दांडी, मध्ये फट नाही. आकडा दोन्हीकडून बंद, कोणी शून्य चढवू शकत नाही. दुधाचा हिशोबही मी तसाच लिहिते.

प्रणालीचं लक्ष नव्हतं. नवऱ्याचा फोन चालू होता, आज गाडी मिळाली नाही म्हणत होता.

३ डिसें., बुध.
संपलं. खालची बेरीज मी हातानं केली, यांनी पुन्हा तपासली, मग टाइप केली. मान धरलीय. पण पान काय दिसतं. सगळी चिन्हं एकाखाली एक. प्रणालीनं लॅपटॉप आमच्याकडे आणला, हे चष्मा लावून बघत राहिले. "माझ्या वहीसारखं दिसतंय."

पेनड्राइव्ह प्रणालीचा. रुमालात बांधून यांच्या खिशात दिला. यांना म्हटलं, तुम्हीच केलंय असं सांगा. खोटं आहे, पण कोणाचं वाईट करणारं नाही.

४ डिसें., गुरु.
दुसरा गुरुवार आणि दत्तजयंती एकाच दिवशी. हे येताना पेढे घेऊन आले. शेठनी पान बघितलं आणि म्हणाले, वा दिवाणजी, शिकलात की. शीट तसंच पुढे सीएकडे पाठवून दिलं.

संध्याकाळी दोघं देवळात गेलो. खूप दिवसांनी यांनी आरतीला आवाज काढला. दत्तगुरूंपुढे एवढंच मागितलं, अजून चार वर्षं. साठीपर्यंत.

८ डिसें., सोम.
काय लिहू.

सीएंचा फोन आला. शीटची बेरीज शून्य. मी हातानं टाकलेली त्यांनी काढली आणि कॉम्प्युटरला करायला लावली, तर शून्य. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "काय दिवाणजी, महिनाभर गिरणी बंद होती का आपली?" हमालसुद्धा हसले.

मग यांना खुर्चीवर बसवलं. म्हणाले, माझ्यासमोर एक बिल करा. हे बसले. शेठ मागे उभे. खिशातला कॅलेंडरचा कागद काढावा की नाही तेच यांना समजेना. कागद काढला नाही. चार आला. परत चार आला. मग सांगून टाकलं, हे मी केलं नाही, घरून करून आणलं, शेजारची मुलगी दाखवते.

शेठ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं हे म्हणाले. एवढंच बोलले आणि जाऊन पडले.

खोटं बोलायला मी सांगितलं होतं. चिन्हं आणि दांड्या मी घातल्या.

९ डिसें., मंगळ.
सकाळीच प्रणालीला लॅपटॉप घेऊन घरी बोलावलं. तिनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, तुमी पुढं चिन्ह आणि मागं दांडी हातानं टाकली ना, त्याला तो आकडा वाटतच नाय. अक्षरं वाटतात. अक्षरांची बेरीज तो कशी करणार?"

मग चिन्ह कुठं घालायचं, विचारलं. ते आपण घालायचंच नसतं म्हणे. आत नुसता आकडा ठेवायचा. मग सगळा रकाना धरून त्याला सांगायचं, पैसे म्हणून दाखव. तिनं सगळी चिन्हं आणि दांड्या एकदम पुसल्या. एका ओळीत उघडेबोडके आकडे. मग काहीतरी दाबलं आणि सगळ्यांपुढे चिन्ह आलं. खाली बेरीज आली. माझी होती तेवढीच.

माझ्या तीन दुपारी तिनं चहा गाळायच्या आत केल्या.

शेठना लगेच हवं होतं. माझ्या फोनमध्ये फाइल घेता येत नाही. हे म्हणाले, तिच्याच फोनवरून पाठव. पाठवलं.

यांना दांडीचं सांगितलं. "आकडा उघडा सोडायचा? कोणी शून्य चढवलं तर?" प्रणाली हसणार होती. मग यांच्या तोंडाकडे बघून लॅपटॉप बंद करायला लागली.

११ डिसें., गुरु.
तिसरा गुरुवार. पोथी वाचताना दोन ओळी गळल्या, परत वाचल्या.

यांना शेठनी काट्यावर बसवलंय. भाताची पोती येतात त्यांचं वजन लिहायचं, पावती फाडायची. खालीच, पत्र्याच्या शेडमध्ये. एक हमाल म्हणाला, "आलाव का दिवाणजी आमच्यात? बसा, तंबाखू देऊ?" यांनी घेतली म्हणे. यांनी आयुष्यात कधी तंबाखू खाल्ली नाही.

शर्टाला भाताचं कूस. दोनदा झटकलं.

१३ डिसें., शनि.
प्रणाली आली. दारातच उभी. आत ये म्हटलं तरी येईना. कालपासून दोनदा शेठचा फोन आला होता. नंबर त्यांच्याकडे गेलाच होता. त्यांनी विचारलं, ऑफिसला येशील का. पगारही सांगितला. यांच्यापेक्षा कमी, पण तिच्या घरात आत्ता येतो त्यापेक्षा कितीतरी जास्त.

"मी हो नाय म्हटलं काकू. नाय पण नाय म्हटलं."

तिच्या पायात तुटकी चप्पल, अंगठ्याला दोरा बांधलेला. मी म्हटलं, विचार करून सांग त्यांना. दुसरं काय सुचणार. मेतकुटाची वाटी परत आणली होती तिनं. रिकामी नव्हती, त्यात खोबऱ्याच्या वड्या.

१५ डिसें., सोम.
दोन दिवस तोंडाशी आणून गिळलं. आज यांना सांगितलं. यांना ठाऊक होतं. शेठनी शुक्रवारी काट्याजवळ येऊन विचारलं होतं, ती तुमच्याकडची मुलगी कशी आहे, विश्वासाची आहे का.

मग तुम्ही काय म्हणालात?

"चांगली हाय म्हटलं. हुशार हाय, हात स्वच्छ हाय."

मी भांडी घासत होते. हातातलं तसंच राहिलं. का सांगितलंत असं, मी विचारलं.

"मग काय खोटं सांगू? एकदा सांगून बघितलं ना."

मी उरलेली भांडी घासायला घेतली.

१८ डिसें., गुरु.
चौथा गुरुवार, उद्यापन. पाच सवाष्णी बोलावल्या. नारळ चारही गुरुवार एकच ठेवला होता, आज फोडला, आतून चांगला निघाला.

प्रणाली सगळ्यात शेवटी आली, बाकीच्या गेल्यावर. हळद-कुंकू लावलं. ओटी भरताना तिनं पदर धरला आणि खाली बघूनच म्हणाली, "काकू, तुमी एकदा नको म्हणा. मी नाय जाणार. आईची शप्पथ."

जायची नाही, हे मला तिच्या आवाजावरून कळत होतं. एक शब्द पुरला असता. देवीसमोर बसून तो शब्द माझ्या अगदी ओठावर होता, हेही इथं लिहून ठेवते. तांदूळ तिच्या पदरात घातले. म्हटलं, उपाशी जाऊ नकोस, प्रसाद घे.

तिनं प्रसाद घेतला.

कोणावर रागवावं तेच कळत नाही. तिनं काय केलं. शेठ तरी काय करतील, त्यांना बिलं पाहिजेत. देवीचं तर नावच नको घ्यायला. सगळं यथासांग केलं.

२० डिसें., शनि.
हे स्वतःच मागच्या दारानं प्रणालीकडे गेले. पहिल्यांदाच. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "सोमवारी पयला दिवस ना. माझ्याबरोबरच निघ. चौक गावाला गाडी बदलावी लागते, चुकशील. जुन्या वह्या कुठं काय ठेवल्यात ते दाखवतो." ती रडायला लागली. यांना काय करावं ते सुचेना. घरी आले आणि पाणी मागितलं.

मी विचारलं, ती आल्यावर तुमचं काय? काटा तरी राहील ना? शेठ म्हणालेत, अखेरीला बसून बोलू.

२२ डिसें., सोम.
दोघं गेले. नाक्यापर्यंत मीही गेले, देवळात जायचंच होतं. शेअर रिक्षात मागे एक जागा होती. यांनी तिला मागे बसवलं आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले, अर्धे बाहेर. ती "काका, तुमी मागं या" म्हणत राहिली. रिक्षा सुटली.

तिनं डबा आणला नव्हता. पहिल्याच दिवशी उपाशी कशी राहणार, म्हणून यांच्याच डब्यात दोन भाकऱ्या जास्त घातल्या, भाजी वाढवली, लोणचं वेगळं बांधलं. डबा एकच, यांच्या पिशवीत.

आता बसल्यावर मनात आलं. तिला वर ऑफिसात टेबल मिळेल. हे खाली शेडमध्ये. जेवायच्या सुट्टीत हे डबा घेऊन जिना चढून वर जातील, की ती खाली उतरून काट्यापाशी येईल.