उजव्या हातातला चुडा

सांगली, मंगळवार, दिवेलागण

स्तनाच्या ऑपरेशननंतर रोज उजव्या हाताची बोटं भिंतीवर चढवत नेते, पोचतील तिथं पेन्सिलीनं खूण करते. आजची खूण कालच्यापेक्षा दोन बोटं खाली. थकले असेन?

शिराळ्याहून आलेल्या सासूबाई मात्र खूश. "हात भरलाय गं. लय रोडावली हुतीस."

नागपंचमीला काचेचा चुडा त्यांनीच भरवला. डाव्या हातात तो खुळखुळतो, उजव्यात जागचा हलत नाही. ऑपरेशनच्या बाजूच्या हातावर सूज दिसली तर लगेच या, असं डॉक्टर म्हणाले होते. चार दिवस मी कुणाला बोललेच नाही. का?

आत्ता मोरीत साबण लावून ओढत होते. निघेना.

"सणाचा चुडा काढत न्हाईत, बाई." सासूबाई दारात.

मी दोन्ही हात शेजारी-शेजारी धरले. त्या बघत राहिल्या. मग स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आल्या.