डब्याचे अठ्ठ्याऐंशी वॅट

गुरुवार, ३ एप्रिल २०२५

पुन्हा गेली लाईट! दहा ते दोन. इन्व्हर्टर साडेबाराला कुईकुई करून मेला आणि त्याच्याबरोबर आबांचं ऑक्सिजनचं मशीन. शेजारच्या रंगुबाई काकू धावत आल्या, पण छोट्या सिलिंडरचा पाना त्यांच्या हातून फिरेना. शेवटी रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारून फिरवून घेतला. वीस मिनिटं आबा तसेच. आणि मी शिरूरला दुकानात, कुणाच्या तरी हळदीच्या व्हिडिओला गाणं लावत बसलेली.

काकू म्हणाल्या, "तुझा त्यो डबा बंद का करीत न्हाईस? बापाच्या तोंडचं खातोय."

डबा म्हणजे माझा सर्व्हर. भंगारात निघालेल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये चार डिस्का घालून मीच जोडलेला. दहा वर्षांची लोकांची लग्नं आहेत त्यात. दुकानात बसून दिवसभर मी त्यातलंच काम नेटवरून ओढते. दुकानात ठेवून बघितला होता, पत्र्याखाली एक डिस्क भाजून निघाली. आणि एकदम वीज तुटली की काय होतं ते मागच्या ऑगस्टात बघितलंय — दोन डिस्का गेल्या, तीन लग्नं गेली. त्यातल्या एका नवरीचे वडील लग्नानंतर महिन्यात वारलेले. ती दुकानात येऊन नुसती बसून राहिली. मी घरी येऊन आठ दिवस नीट जेवले नव्हते. आबांनी बघितलंय ते सगळं.

म्हणून डबा इन्व्हर्टरवर. बंद करायचा नाही. पण त्याची भूक कमी करायची. आबांचं मशीन चार तास चाललंच पाहिजे.

शनिवार, ५ एप्रिल

प्लगला लावायचा मीटर आणला. डबा नुसता बसून अठ्ठ्याऐंशी वॅट खातो! काम काही नाही, ऐतखाऊ.

आबा खाटेवरून बघत होते. नाकात नळी.

"वॅट म्हंजी काय गं?"

"कोण किती जेवतंय, ते."

"मंग माझं मशीन?"

"तीनशेदहा."

"आन् डबा अठ्ठ्याऐंशी? मंग खादाड मीच हाय की!"

दोघंही हसलो. हसताना त्यांना दम लागतो. दौंडकडच्या गुऱ्हाळांवर तीस वर्षं गुळव्या होते, चुलाणाचा सगळा धूर आत साठलाय.

मंगळवार, ८ एप्रिल

जुनं ग्राफिक्स कार्ड काढलं. शहात्तर. तीन साखरपुडे राहिलेत. पाठ गेली.

गुरुवार, १० एप्रिल

आज लाईट गेलीच नाही. देव पावला.

रविवार, १३ एप्रिल

पॉवर सप्लाय बदलला — आधीचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. चारच्या जागी दोन मोठ्या डिस्का केल्या. त्यांना काम नसेल तेव्हा झोपवायचं ठरवलं, तर झोपेचनात! दर दहा मिनिटांनी घरघर. अख्खा रविवार गेला त्यात. शेवटी सापडलं. फोटोंची छोटी चित्रं बनवणारा एक प्रोग्रॅम उगाच उठून बघत होता, नवीन काही आलंय का. नाही आलंय बाबा! केला बंद.

आबांनी मला उजेडाला टॉर्च धरला होता. विचारत होते, का झोपवायचं.

"गप पडून राहिलं की कमी लागतं, आबा. हालचाल केली की जास्त."

"बराबर हाय," म्हणाले.

बुधवार, १६ एप्रिल

एकोणतीस!! दोनदा बघितलं. एकोणतीसच. कुणाला सांगू? सांगून कळणार कुणाला? आबांना सांगितलं. "शाब्बास," म्हणाले. चहा केला आणि प्यायच्या आधी मला तिथंच बसल्या बसल्या झोप लागली.

गुरुवार, १७ एप्रिल

चार तास लाईट नव्हती आणि इन्व्हर्टर पुरला! वर बॅटरीत शिल्लक! दुकानात डबा एकदाही तुटला नाही. काकूंना फोन केला तर म्हणाल्या, सिलिंडरला हातसुद्धा लावावा लागला नाही. किती दिवसांनी असं हलकं वाटलं. येताना आबांना कलिंगड आणलं. दोन फोडी खाऊन नको म्हणाले.

सोमवार, २१ एप्रिल

आबांना शिरूरच्या डॉक्टरांकडे नेलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं तर शहाऐंशी. मागच्या महिन्यात एक्याण्णव होतं. "मशीन दिवसरात्र लावताय ना?" मी म्हटलं, हो. आबा खाली बघत होते. डॉक्टरांनी ऑक्सिजन मिनिटाला दोन लिटरचा तीन करायला सांगितला. रिक्षात आबा माझ्या खांद्यावर डोकं टेकून आले. एवढे हलके कधी झाले?

गुरुवार, २४ एप्रिल

पाच तास! तरी इन्व्हर्टर जिवंत. कागदावर लिहून दुकानात लावावं वाटतं — प्रांजल मारुतराव, वीज बचत तज्ज्ञ.

काकू म्हणत होत्या, "दुपारी हाक मारली तर ओ देईनात. डोळं उघडं, पर नुसतं पडून." ऊन किती आहे. थकत असतील.

शनिवार, २६ एप्रिल

हिशेब बसत नाही. सकाळपासून डोक्यात घोळतंय. मी वाचवले एकोणसाठ वॅट. त्यानं फार तर वीस-पंचवीस मिनिटं वाढतील. वाढले अडीच तास, वर बॅटरी शिल्लक! दुसरं कुणीतरी कमी खातंय.

डबा नाही, तो तर डोळ्यासमोर आहे. पंखाही नाही. उरलं आबांचं मशीन. बिघडलंय का ते? अर्धवट चालतंय का? म्हणून शहाऐंशी? मी डब्याला कुरवाळत बसले महिनाभर आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्या मशीनकडे एकदा बघितलं नाही. लाज वाटते.

सोमवार, २८ एप्रिल

मीटर आबांच्या मशीनला लावून गेले. मशीन वीज ओढत असेल तेवढाच वेळ तो मोजतो. डीपीवर काहीतरी जळलं, दहा ते दोन लाईट नव्हती. इन्व्हर्टर ठणठणीत.

मी गेले नऊला, आले सातला. मीटरवर सहा तास. ओढ तीनशेदहा, बरोब्बर. मशीन बिघडलेलं नाही. चालू असतं तेव्हा पूर्ण चालतं.

दहातले चार तास बंदच होतं.

आबा झोपलेत. उठवत नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

विचारलं. लपवलं नाही त्यांनी. उलट खूशच होते सांगताना.

"तू एकेक वॅट वाचवीत व्हतीस, म्या लाईट गेली की एकदम तीनशे वाचवितो. तुझी लग्नं जायला नगंत."

"आणि श्वास, आबा?"

"गप पडून ऱ्हातो की. अजिबात हालत न्हाई. कमी लागतो."